आठ वर्षांचा गॅप आणि आमदारांची पेन्शन

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. मागच्या वर्षी गावाकडचा एक ओळखीचा तरुण बायोडेटा घेऊन आला. "भाई, तुमच्या कंपनीत रेफर करा ना." डिप्लोमा होता, मार्क चांगले होते. मधली आठ वर्षं मात्र कोरी. ती त्याने अंडरट्रायल म्हणून तुरुंगात काढली आणि शेवटी कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. एचआरने फोनवर एकच प्रश्न विचारला, "एवढा गॅप का?" पुढचा राउंड झालाच नाही.

आता दुसरा हिशेब बघा. महाराष्ट्रात माजी आमदाराला दरमहा 50,000 रुपये पेन्शन आहे. पाच वर्षांच्या वर प्रत्येक वर्षाला 2,000 रुपये जादा. दोन टर्म पूर्ण केल्या की 60,000. माजी खासदाराची पेन्शन 31,000 पासून सुरू होते.

निर्दोष सुटलेल्याला काय? विनाकारण अटक झालेल्यासाठी नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 399 आहे. भरपाई जास्तीत जास्त 1,000 रुपये! तीसुद्धा सरकारने नाही, ज्याच्यामुळे अटक झाली त्याने द्यायची.

जुलै 2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात मुंबई हायकोर्टाने 21 जुलै 2025 रोजी सर्व 12 जणांना निर्दोष ठरवलं. एकाचा तोपर्यंत तुरुंगातच मृत्यू झाला होता. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आहे, तो त्याचा हक्क आहे. पण 19 वर्षांनी बाहेर आलेल्या माणसाने उद्या घरभाडं कशातून भरायचं, याचं उत्तर कोणत्याच कायद्यात नाही.

कोर्टाकडे जावं, तर तिथे सगळ्यांना सारखा न्याय मिळेलच असं नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 50 लाख दिले, योग्यच केलं. अक्षरधाम खटल्यातून त्याच कोर्टाने निर्दोष सोडलेल्यांची भरपाईची मागणी मात्र 2016 मध्ये फेटाळली गेली. म्हणूनच नियम लेखी हवा. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानुसार चुकीच्या कैदेच्या प्रत्येक वर्षाला 50,000 डॉलरपर्यंत भरपाई मिळते. आपल्या विधी आयोगानेही 2018 च्या 277 व्या अहवालात खास न्यायालयं आणि भरपाईचा कायदा सुचवला होता. तो कायदा अजून झालेला नाही.

कुणी म्हणेल, पेन्शन नसेल तर गरीब कार्यकर्ता राजकारणात टिकेल कसा? मुद्दा मला मान्य आहे. माजी आमदाराचं पोट मारा, असं मी म्हणत नाही. पण ज्याने स्वतःहून पाच वर्षं सार्वजनिक कामाला दिली त्याला सरकार आयुष्यभर सांभाळणार असेल, तर ज्याची आठ वर्षं सरकारने काढून घेतली त्याला रिकाम्या हाताने घरी का पाठवायचं? आणि हा प्रश्न फक्त आपल्या कौमचा नाही. आदिवासी, दलित, गरीब, सगळ्यांची पोरं त्या बराकींमध्ये आहेत.

म्हणून दोन गोष्टी करूया. उमेदवार मोहल्ल्यात मतं मागायला आला की रस्ता-गटारीबरोबर 277 व्या अहवालाचंही विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी मुलाखती घेत असेल, तर बायोडेटातला गॅप बघून फाइल बाजूला ठेवू नका. आधी त्या माणसाला बोलू द्या. त्या दिवशी मी एचआरला परत फोन करायला हवा होता. मी केला नाही.