गेलेल्याचं गाणं गावं की नाही?

एखादा मोठा रॉक गायक गेला की त्याला आदरांजली म्हणून दुसरं कोणी तरी त्याचं गाणं ध्वनिमुद्रित करतं, आणि रसिकांमधून तीन आक्षेप हमखास येतात. एक, हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आहे. दोन, मूळ गाण्याची सर येणारच नाही, मग त्याला हात का लावायचा? तीन, ही नक्कल आहे, आणि नक्कल म्हणजे कला नव्हे. आक्षेप घेणाऱ्यांचं त्या गायकावर जिवापाड प्रेम असतं, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर दिलं पाहिजे.

उदाहरण घेऊ क्वीन या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं. तो २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सने गेला. आपल्याला हा आजार असल्याचं त्याने आदल्याच दिवशी जाहीर केलं होतं. २० एप्रिल १९९२ रोजी क्वीनमधल्या त्याच्या साथीदारांनी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर त्याच्या स्मरणार्थ मैफल केली. तिथे पॉप गायक जॉर्ज मायकलने फ्रेडीचं ‘समबडी टू लव्ह’ गायलं. १९९३ मध्ये ते ‘फाइव्ह लाइव्ह’ या ध्वनिमुद्रिकेत आलं आणि ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली.

आता पहिला आक्षेप. या ध्वनिमुद्रिकेचं उत्पन्न एड्सविरुद्ध काम करणाऱ्या मर्क्युरी फीनिक्स ट्रस्टला दिलं गेलं. ज्या आजाराने गायक नेला, त्याच्याशी लढायला त्याचंच गाणं कामी आलं. जिथे मृत्यूची संधी साधून कोणी आपली तुंबडी भरतो, तिथे आक्षेप शंभर टक्के खरा आहे. पण तो दोष त्या माणसाच्या हिशेबाचा झाला. गाणं पुन्हा गाण्याच्या रिवाजाला त्यासाठी सुळावर का चढवायचं?

दुसरा आक्षेप गाणं म्हणजे शर्यत समजतो. १९७६ मधलं ‘समबडी टू लव्ह’ रचताना फ्रेडीच्या मनात अमेरिकी गायिका अरीथा फ्रँकलिनची गॉस्पेल गायकी होती. त्याने आणि क्वीनमधल्या ब्रायन मे व रॉजर टेलर यांनी आपलेच आवाज थरावर थर चढवून चर्चमधल्या समूहगानाचा भास उभा केला. वेम्बलीत जॉर्ज मायकलच्या मागे खराखुरा गॉस्पेल गायकवृंद उभा होता. जे मूळ ध्वनिमुद्रणात तीन गळ्यांनी कल्पिलं होतं, ते त्या संध्याकाळी प्रत्यक्ष उभं राहिलं. याने मूळ गाणं लहान झालं नाही. त्याच्या पोटात काय होतं ते कळलं.

तिसऱ्या आक्षेपाला खुद्द फ्रेडीचंच आयुष्य उत्तर देतं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत असताना तो ‘द हेक्टिक्स’ या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, आणि ही मुलं वाजवायची ती दुसऱ्यांची गाणी. १९८७ मध्ये कीर्तीच्या शिखरावर असताना त्याने ‘द ग्रेट प्रिटेंडर’ हे द प्लॅटर्स या गायकगटाचं १९५५ मधलं गाणं स्वतःच्या आवाजात काढलं. आज अनेकांना ते त्याचंच वाटतं. आपल्याकडे कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं गायली, तेव्हा कार्यक्रमाला नाव दिलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. नक्कल आणि आदरांजली यांतली सीमारेषा ‘मला उमजलेले’ या दोन शब्दांत आहे. नकलाकार गेलेल्याचा आवाज काढतो. आदरांजली वाहणारा आपल्याला काय उमजलं ते आपल्या आवाजात सांगतो.

जॉर्ज मायकलला काय उमजलं होतं? त्याचा जिवलग जोडीदार त्या वेळी त्याच आजाराच्या छायेत होता. हे दुःख तेव्हा चारचौघांत बोलण्याची सोय नव्हती. त्याबद्दल तो पुढे अनेक वर्षांनी मोकळेपणाने बोलला. प्रेमाचं माणूस मिळावं म्हणून कळवळून मागणारं ते गाणं त्या दिवशी एकाच वेळी दोन माणसांसाठी गायलं जात होतं. मुळाबरहुकूम गाऊन हे साधलं नसतं, आणि आदराने गप्प बसून तर नाहीच.

म्हणून माझा आग्रह एवढाच : गाणाऱ्याने आवाज स्वतःचा लावावा, दुःख उसनं आणू नये, आणि पैशाचा हिशेब उघड ठेवावा. या तीन अटी पाळून उद्या पाचगणीतल्याच एखाद्या मुलीला फ्रेडीचं गाणं ध्वनिमुद्रित करावंसं वाटलं, तर तिला अडवू नका. त्या गावात तोही दुसऱ्यांची गाणी वाजवतच घडला.