सिस्टरच्या सहीचा रकाना

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कोणताही नमुना हाती आला की मजकुराआधी आमची नजर सह्यांच्या रकान्यांकडे जाते. मेंदूमृत्यू प्रमाणित करण्याचा नमुना १० आम्ही असाच वाचला. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला आणि महाराष्ट्रात ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. त्यानुसार या कागदावर चार डॉक्टरांच्या सह्या लागतात. तपासणी दोनदा करायची आणि दोन तपासण्यांत किमान सहा तासांचे अंतर ठेवायचे. या सहा तासांत रुग्णाच्या खाटेपाशी कोण असते? सिस्टर असते. तिच्या सहीला या कागदावर रकाना नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही, कारण मृत्यू ठरवणे हे डॉक्टरांचेच काम. पण अवयवदानाच्या बातम्यांतही तिला जागा नसते, तेव्हा तिच्याविषयी लिहिणे आम्हाला भाग वाटते.

ब्रेन डेड म्हणजे काय याबद्दल आपल्या घरांत अजून बराच गोंधळ आहे. अपघातात डोक्याला जबर मार बसतो किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. मेंदूचा देठ, म्हणजे श्वास चालवणारा भाग, कायमचा बंद पडतो. हृदय मात्र स्वतःच्या लयीत आणखी काही काळ धडधडत राहते, कारण व्हेंटिलेटर छातीत हवा भरत असतो. अंग ऊबदार असते, नाडी लागते, लघवीची पिशवी भरत असते, आणि तरीही माणूस गेलेला असतो. बेशुद्ध माणूस शुद्धीवर येऊ शकतो, हा येत नाही.

हा फरक समजण्यासाठी अरुणा शानबाग यांची आठवण काढावी लागते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला. त्यानंतर सुमारे ४२ वर्षे, म्हणजे १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. त्या ब्रेन डेड नव्हत्या, त्यांचा श्वास त्यांचा स्वतःचा होता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या दयामरणाचा प्रश्न आला, तेव्हा या परिचारिका ठामपणे विरोधात उभ्या राहिल्या. ‘खाटेवरच्या माणसाला सोडायचे नाही’ हे परिचारिकेच्या हाडात किती मुरलेले असते ते यावरून कळावे. अशाच शिकवणीत वाढलेल्या सिस्टरला दुसऱ्या तपासणीनंतर सांगितले जाते की हा माणूस आता नाही, पण सेवा तशीच चालू ठेवा.

सेवा नुसती तशीच राहत नाही, ती वाढते. मेंदू गेला की शरीराचा कारभार सांभाळणारे कोणी उरत नाही. रक्तदाब कोसळतो, म्हणून औषधाचा थेंब न् थेंब मोजावा लागतो. अनेकदा लघवी इतकी होऊ लागते की तासातासाला मोजून तितके पाणी आणि क्षार शिरेतून भरून काढावे लागतात. अंग गार पडू नये म्हणून पांघरूण, कूस बदलणे, नळीतला कफ ओढणे, नेत्रदान व्हायचे असेल तर बुबुळे कोरडी पडू नयेत म्हणून पापण्या मिटवून ठेवणे, हे सगळे करायचे. काल जे त्याच्यासाठी केले, ते आज ज्याचे तोंडही कधी दिसणार नाही अशा कोणासाठी तरी करायचे. हात तेच काम करतात, पण मनाला रूळ बदलावे लागतात. शेजारच्या खाटेवर दुसरा रुग्ण असतोच, आणि त्याला जगवायचे असते.

यातले सर्वांत कठीण काम कोणते, असे आमच्या वस्तीतील एका सिस्टरला आम्ही विचारले होते. आम्हाला वाटले ती रात्रपाळी म्हणेल. ती म्हणाली, “दादा, त्याच्याशी बोलणं थांबवता येत नाही. कूस बदलताना तोंडातून निघून जातंच, ‘बाळा, जरा वळवते हं.’ मग ध्यानात येतं.” ही एकटीची गोष्ट नव्हे. स्वीडन, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया अशा दूरच्या देशांतही परिचारिकांशी बोलून अभ्यास झाले आहेत, आणि डोक्याला पटलेला मृत्यू डोळ्यांना पटत नाही हेच त्यांतून पुन्हा पुन्हा पुढे येते. बोलणाऱ्या सिस्टरला कोणी हसू नये. ती मेलेल्याला जिवंत समजत नसते, माणूस समजत असते.

श्वासाच्या चाचणीची ती काही मिनिटे तर विचारूच नका. प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटर बाजूला करतात आणि छाती स्वतःहून हलते का ते पाहतात. डॉक्टरांसोबत सिस्टरही त्या छातीकडे बघत उभी असते. पुढे कधी पाठीच्या कण्यातल्या प्रतिक्षेपाने मेलेल्याचा हात किंवा पायाची बोटे हलतात. हे होऊ शकते असे आधी शिकवलेले असेल तर ती सावरते. नसेल तर तो हात तिला कित्येक रात्री दिसत राहतो.

त्यात बाहेर बाकड्यावर आई बसलेली असते. “सिस्टर, त्याची छाती हलतेय ना?” डॉक्टर सांगून गेलेले असतात, पण विचारायचे ते सिस्टरला. अवयवदानाची विचारणा तिने करायची नसते. २०११ च्या दुरुस्तीने ते काम डॉक्टर आणि प्रत्यारोपण समन्वयक यांचे ठरवले आहे, आणि हे बरेच झाले. काल ‘आम्ही प्रयत्न करतोय’ म्हणणाऱ्या तोंडाने आज मूत्रपिंड मागायचे, हे तिच्या वाट्याला येता कामा नये. घरच्यांनी नकार दिला तरी तो त्यांचा हक्क आहे. सिस्टरनेही त्यांना वेगळ्या नजरेने पाहू नये, आणि बहुतेक जणी पाहत नाहीतच.

शस्त्रक्रियागृहातल्या सिस्टरची गोष्ट आणखी निराळी. तिथे रुग्ण टेबलावर येतो तो बरा होऊन जाण्यासाठी. इथे अवयव निघतात, बर्फाच्या पेट्या भरतात, हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत बसवायचे म्हणून एक पथक धावत सुटते. बाहेर पोलिसांनी रस्ता मोकळा करून ठेवलेला असतो, वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी त्याचाच फोटो येतो. आत यंत्रे बंद झालेली असतात. टाके घालून झाले की डॉक्टर निघतात आणि उरतात एक-दोन सिस्टर, एखादा वॉर्डबॉय आणि तो देह. देह पुसून, केस सारखे करून, चादर नीट ओढून तो घरच्यांकडे द्यायचा. अपघाताची केस असेल तर पोलिसांचे कागद वेगळेच.

आपल्या घरोघरच्या किती मुली जीएनएम करून या नोकरीत आहेत! त्यांच्या संघटनेची निवेदने टंकलिखित करून देण्याचे काम आमच्याकडे नेहमी येते. रिक्त पदे, रात्रपाळी, गणवेश भत्ता, पाळणाघर, सगळे मुद्दे त्यांत असतात. मनावरच्या ओझ्याचा मुद्दा नसतो, कारण तो मागायचा कोणाकडे हेच ठाऊक नसते. आमच्या मते तो मागावा. खर्च फारसा नाही. अशा केसनंतर पाळी संपताना पंधरा मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे, डॉक्टरांनीही. ज्या सिस्टरच्या घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तिला त्या खाटेवर लावू नये. नव्या मुलीला प्रतिक्षेप काय असतात ते आधी दाखवावे. शस्त्रक्रियेला नेण्यापूर्वी दोन मिनिटे सर्वांनी शांत उभे राहावे. तामिळनाडूने २०२३ साली अवयवदात्यांना शासकीय इतमामाने निरोप देण्याचे ठरवले, मग दोन मिनिटे तर कोणत्याही रुग्णालयाला परवडतील. आणि ज्या मुलींना या कामात रस वाटतो त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की समन्वयकाच्या पदासाठी परिचारिका पात्र ठरतात.

त्या सिस्टरला आम्ही शेवटी विचारले, तुम्हाला काय मिळाले तर बरे वाटेल? सत्कार, प्रमाणपत्र? तिने हात जोडले. “काही नको. कोणाला बसवलं त्याचं नाव तर सांगूच नये, तो नियम बरोबर आहे. फक्त चार दिवसांनी वॉर्डात कोणीतरी फोन करून सांगावं, मूत्रपिंड चालू झालं. पुढची पाळी लावताना तेवढं पुरतं.”