सिमला महाग कोणी केले?

"सिमला फार महाग झालंय हो, आणि तिथे पाहण्यासारखं आहे तरी काय?" हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकले आहे, की आता त्याचे उत्तर एकदा लिहूनच टाकावे म्हणतो. सिमला महाग नाही. आपण ते महाग करून घेतो आणि वर त्यालाच नावे ठेवतो.

यात्रा कंपनीबरोबर गेलेल्या माणसाचा तिथला दिवस कसा जातो बघा. सकाळी नाश्ता उरकून गाडीत बसायचे आणि सोळा किलोमीटरवरच्या कुफ्रीला जायचे. वाटेत गाड्यांची रांग. पोचल्यावर घोड्याचे पैसे वेगळे, याकवर बसून फोटो काढायचे वेगळे, भाड्याच्या कोटाचे आणि बुटांचे वेगळे. बर्फ नसले तर लीद आणि चिखल तुडवून परत. हॉटेलात वरण-भात, पिठले तयार (हिमालयात जाऊन पिठले!). संध्याकाळी माल रोडवर दीड तास मोकळा, त्यात शाली. अशाच एका सहलीत मी आमच्या व्यवस्थापकाला व्हाइसरॉयच्या वाड्याबद्दल विचारले, तर म्हणाला, "काका, तो आपल्या पॉइंटांत नाही." हा 'पॉइंट' शब्द आपल्याला महाबळेश्वरने शिकवला. गाव म्हणजे पॉइंटांची यादी, आणि यादी संपली की गाव संपले!

आता जे फुकट आहे ते सांगतो. रिज आणि माल रोड या सिमल्याच्या मुख्य भागात, परवान्याच्या मोजक्या गाड्या सोडल्या तर, वाहनांना बंदी आहे. आपल्या कुठल्या शहरात भर बाजारातून हॉर्न न ऐकता तासभर चालता येते? रिजवर बसायला पैसे पडत नाहीत. 1857 साली बांधून झालेले क्राइस्ट चर्च समोर उभे आहे, हवा स्वच्छ असली तर उत्तरेला बर्फाची शिखरे दिसतात. माल रोडच्या खालच्या अंगाला लोअर बाजार आहे, तिथे गावातली माणसे डाळ-तांदूळ घेतात. शालीसुद्धा तिथे विचाराव्यात, वर नव्हे. रिजवरून जाखूच्या हनुमानापर्यंत देवदारांतून चढण आहे. आता तिथे रोपवे झाला आहे, त्याचे तिकीट शेकड्यांत आहे. पाय धड असतील तर चालत जावे. मी सत्तरी ओलांडल्यावर थांबत थांबत तासाभरात गेलो. माकडांपासून चष्मा मात्र सांभाळा.

आणि तो पॉइंटांत नसलेला वाडा. 1888 साली पूर्ण झालेली ही व्हाइसरॉयची इमारत. 1945 ची सिमला परिषद इथेच भरली आणि फसली. स्वातंत्र्यानंतर ते राष्ट्रपतींचे उन्हाळी निवासस्थान झाले, पण राधाकृष्णन यांनी ते विद्वानांना देऊन टाकले. 1965 पासून तिथे उच्च अध्ययन संस्था आहे. ज्या छताखाली नाचगाण्याच्या मेजवान्या झडल्या तिथे आज ग्रंथालय आहे! मास्तर माणसाला याहून मोठे दर्शन कोणते? तिकीट कुफ्रीच्या घोड्यापुढे किरकोळ आहे. फक्त सोमवार टाळावा. तिथून पुढे समर हिल जवळच. राजकुमारी अमृत कौर यांच्या तिथल्या घरी गांधीजी उतरत असत.

येताना कालका ते सिमला आगगाडीने यावे. 96 किलोमीटरचा हा मार्ग 1903 साली सुरू झाला. शंभरावर बोगदे आहेत. मार्गाची आखणी करताना भलकू नावाच्या एका निरक्षर पहाडी माणसाने साहेबांना वाट दाखवली, असे तिथे सांगतात, आणि त्याच्या नावाने सिमल्यात रेल्वेचे छोटे संग्रहालयही आहे. लोक म्हणतात, पाच-साडेपाच तास लागतात, टॅक्सी बरी. अहो, घाई होती तर डोंगरात कशाला आलात? साध्या डब्याचे तिकीट आणि टॅक्सीचे भाडे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा.

खाण्याचेही तेच. माल रोडवर कामगारांच्या सहकारी संस्थेचे कॉफी हाउस आहे. एका कपावर कितीही वेळ बसा. बाजारात सिड्डू मिळतो, गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचा, आत खसखस किंवा अक्रोडाचे सारण घालून वाफवलेला, वर तूप. आपल्या मोदकाचा पहाडी भाऊबंदच म्हणा.

पण काटकसर म्हणजे चिकटपणा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. कार्ट रोडवरून वर माल रोडवर जायला लिफ्ट आहे, म्हाताऱ्यांनी ती जरूर वापरावी. पण सामान पाठीवर घेऊन चढणाऱ्या हमालाशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपले लोक मी पाहिले आहेत. त्यातले बरेच हमाल काश्मीरहून पोटासाठी आलेले. घोड्याला मागतील तेवढे द्यायचे आणि माणसाशी घासाघीस करायची, ही कुठली काटकसर?

यात नुसता खिशाचा प्रश्न नाही. ज्या रिजवर आपण फोटो काढतो तिच्या पोटात इंग्रजांच्या काळातली पाण्याची टाकी आहे, आणि शहराला लागणारे बरेचसे पाणी खालच्या दरीतून पंपांनी चढवावे लागते. 2018 च्या मे-जूनमध्ये ते आटले, तेव्हा बायामाणसे टँकरपुढे रांगा लावून उभी होती आणि स्थानिक लोक पर्यटकांना सांगत होते की बाबांनो, येऊ नका. ऑगस्ट 2023 मध्ये समर हिलला डोंगर खचून शिवमंदिर गाडले गेले, वीस माणसे गेली, आगगाडीचे रूळ हवेत लोंबकळत राहिले. अशा डोंगरावर आपण पंचवीस जणांच्या सहलीसाठी गाड्यांचा तांडा चढवायचा आणि खोलीत बाथटब का नाही म्हणून भांडायचे!

चालत फिरणारा, बादलीभर पाण्यात आंघोळ करणारा पाहुणा त्या गावाला जड होत नाही. त्यातून मे महिना सोडून मार्चअखेरीस जावे. गर्दी कमी, खोल्यांचे भाव उतरलेले, आणि आजूबाजूच्या जंगलात बुरांस लालभडक फुललेला असतो.