बेकन बिघडते जमिनीवर

चळवळीच्या दैनिकात विमानातल्या बेकनवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचक बांधव करतील. प्रश्न रास्त आहे. ज्या वस्तीत रेशनच्या तांदळाचा हिशेब अजून लागत नाही, त्या वस्तीतून आलेल्या माणसाने विमानातल्या न्याहारीची चिंता का करावी? पण आमच्या हाती एका विमान कंपनीचे पत्र आले आहे. त्या पत्रातला युक्तिवाद आम्ही वकिलीच्या व्यवसायात इतक्यांदा ऐकला आहे की त्याचा समाचार घेतल्यावाचून राहवत नाही.

प्रकार असा घडला. मानवी हक्कांच्या एका बैठकीसाठी आम्ही लंडनमार्गे जिनिव्हाला निघालो होतो. लंडनहून सकाळचे विमान होते आणि तिकिटाच्या पैशात न्याहारी धरलेली होती. इंग्रजांची न्याहारी म्हणजे अंडे, भाजलेला टोमॅटो, सॉसेज आणि बेकन. बेकन म्हणजे मिठात मुरवलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ काप. आदल्याच दिवशी एका कार्यकर्त्याने आम्हाला लंडनमधल्या एका साध्या, टॅक्सीवाल्यांच्या खानावळीत नेले होते. तिथले बेकन तव्यावरून थेट ताटात आले. कडेची चरबी कुरकुरीत, मधले मांस मऊ, आणि धुराचा नेमका तेवढा वास. विमानात अॅल्युमिनियमच्या डबीचे झाकण उघडले तर आधी वाफेचे पाणी गळाले. खाली फिक्या गुलाबी रंगाची, ओल्या पुठ्ठ्यासारखी एक पट्टी पडली होती. काट्याने उचलली तर ती लोंबली. चावली तर रबरासारखी ताणली गेली.

आम्ही तक्रार केली. तक्रार करणे हा आमचा व्यवसायच आहे! तीन आठवड्यांनी उत्तर आले. उंचावर माणसाच्या जिभेची संवेदना कमी होत असल्याने पदार्थाची चव वेगळी भासते, शिवाय खाद्यपदार्थ बाहेरचा ठेकेदार पुरवतो, त्याला योग्य ती समज देण्यात येईल, आणि आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल सोबत दहा पौंडांचे व्हाउचर जोडले आहे, असे ते उत्तर. म्हणजे आरोपी क्रमांक एक आकाश, आरोपी क्रमांक दोन स्वयंपाकी, आणि मालक नामानिराळा. सफाई कामगार गटारात गुदमरून मेला की दोष गॅसचा आणि ठेकेदाराचा असतो, पालिकेचा नसतो, हे आम्ही इथे रोज ऐकतो. तिथे माणूस मरतो आणि इथे फक्त न्याहारी बिघडली, हा फरक आम्हाला कळतो. युक्तिवादाचा साचा मात्र एकच आहे. तेव्हा दोन्ही आरोपींची उलटतपासणी झालीच पाहिजे.

आधी आकाश. विमान पस्तीस हजार फुटांवर असले तरी आतला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असावा इतका ठेवतात. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच जागी आपण जेवायला बसलेलो असतो. हवा इतकी कोरडी की आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. नाक सुकते, वास कमी येतो, आणि वास गेला की निम्मी चव गेली. जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीने २०१० साली फ्राउनहोफर संस्थेकडून याचा अभ्यास करवून घेतला. विमानासारखा दाब आणि कोरडेपणा निर्माण करून लोकांना जेवू घातले. मीठ आणि साखर यांची जाणीव तेव्हा कमी होते असे दिसले. इथपर्यंत कंपनीचे म्हणणे खरे आहे.

पण बेकन हा पदार्थ कोणता? मिठातच जन्मलेला! मटणाच्या रश्शाला जी दाट, जिभेवर रेंगाळणारी चव असते, जिला जपानी लोक उमामी म्हणतात, ती बेकनमध्ये भरपूर असते. ही चव उंचीवर फारशी मार खात नाही. उलट अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले की विमानाच्या घरघराटात गोड चव मंदावते आणि उमामी अधिक जाणवते. विमानात टोमॅटोचा रस लोकांना आवडतो तो याचमुळे, असे सांगतात. म्हणजे ताटातल्या इतर कोणत्याही पदार्थाने उंचीचे कारण पुढे केले असते तर आम्ही ऐकून घेतले असते. बेकनला ती पळवाट नाही. आणि आमची तक्रार मुळात चवीची नव्हतीच, लिबलिबीतपणाची होती. दाताला काय लागते ते ठरवायला नाक लागत नाही.

लिबलिबीतपणाचे कारण ओव्हनमध्ये आहे. विमानात तळण होत नाही. उघडी ज्योत आणि उकळते तेल तिथे चालणार नाही, हे योग्यच आहे. न्याहारी विमानतळाजवळच्या स्वयंपाकघरात कित्येक तास आधी शिजते, झपाट्याने थंड केली जाते, डब्यांत बंद होते, ट्रॉलीतून विमानात चढते आणि वर गरम हवेच्या ओव्हनमध्ये पुन्हा तापवली जाते. बंद डबीत अंडे आणि टोमॅटो यांची वाफ सुटते आणि ती सगळी बेकनवर बसते. गरम भजी डब्यात घालून झाकण लावले तर काय होते ते आपल्या कोणत्याही आईला विचारा. त्यासाठी जर्मनीला जायला नको. ज्याला हे ठाऊक आहे त्याने बेकन वेगळे ठेवावे, झाकणाला भोके पाडावीत, नाहीतर सरळ पावात घालून द्यावे म्हणजे ओल पाव तरी शोषून घेईल. यातले काहीच अशक्य नाही. प्रत्येकाला थोडा खर्च येतो, एवढेच.

आणि मूळ माल कसला? चांगले बेकन कोरडे मीठ चोळून दिवसचे दिवस मुरवतात. त्यात मांसातले पाणी निघून जाते, वजन घटते, आणि घटलेले वजन व्यापाऱ्याला परवडत नाही. म्हणून स्वस्त बेकनला सुयांनी मिठाचे पाणी टोचतात. ग्राहक मांसाच्या भावाने पाणी विकत घेतो. तव्यावर टाकले की पांढरा फेस सुटतो तो याच पाण्याचा. आपल्याकडे दूधवाला हेच करतो तेव्हा आपण त्याला भेसळ म्हणतो. युरोपीय संघाच्या २०११ च्या ११६९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे अशा कापात पाच टक्क्यांहून जास्त पाणी मिसळले असेल तर ते पदार्थाच्या नावातच सांगावे लागते. तोच नियम युरोपीय संघाच्या भूमीवरून निघणाऱ्या विमानातल्या खाण्यालाही लागू आहे. मग भानगड कुठे आहे? पाकिटबंद नसलेल्या, ताटात वाढलेल्या अन्नाबाबत त्या नियमाची सक्ती मुख्यतः अॅलर्जी आणणाऱ्या घटकांपुरती आहे. म्हणजे ताटात गहू आहे, अंडे आहे, दूध आहे हे मला सांगायलाच हवे. मांसात पाणी किती हे वेष्टनावर छापलेले असते, आणि वेष्टन राहते स्वयंपाकघराच्या कचरापेटीत. कायदा विमानात चढतो खरा, पण अर्धाच.

दर्जा उंचीवर नव्हे, कागदावर ठरतो, याचा एक मजेदार दाखला इतिहासात आहे. १९५८ साली अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत स्वस्त दराचा इकॉनॉमी वर्ग सुरू झाला. तेव्हा भाडे आयाटा ही कंपन्यांची संघटना ठरवून देत असे. या वर्गातल्या प्रवाशाला फक्त साधे, थंड, स्वस्त सँडविच द्यावे असा नियम झाला. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांची एस.ए.एस. कंपनी मात्र एका पावावर मांस, मासे, भाजी यांची भरगच्च रास रचून देऊ लागली आणि त्यालाच सँडविच म्हणू लागली. अमेरिकेच्या पॅन अॅम कंपनीने तक्रार केली. सँडविच म्हणजे काय, यावर मोठमोठ्या कंपन्यांचे अधिकारी आणि वकील भांडले आणि एस.ए.एस.ला दंड झाला. गरीब वर्गातल्या प्रवाशाला चांगले खायला घातले म्हणून दंड! पायरी पाहून पान वाढायची रीत फक्त आपल्याच देशाने शोधली, असा गर्व कोणी करू नये. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेने भाडे मोकळे केले आणि कंपन्यांची चढाओढ ताटावरून तिकिटाच्या किमतीवर आली. १९८७ साली अमेरिकन एअरलाइन्सने प्रत्येक सॅलडमधले एक ऑलिव्हचे फळ काढले आणि वर्षाला चाळीस हजार डॉलर वाचवले, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. ब्रिटिश एअरवेजने तर जानेवारी २०१७ मध्ये छोट्या पल्ल्याच्या इकॉनॉमी वर्गातले फुकट खाणेच बंद करून विकत सुरू केले.

आता आरोपी क्रमांक दोन, ठेकेदाराचा स्वयंपाकी. हा कोण असतो? बहुतेक वेळा ती असते.

ब्रिटिश एअरवेजने हीथ्रो विमानतळावरची आपली स्वयंपाकघरे १९९७ साली गेट गॉर्मे या कंपनीला विकली. तिथे काम करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया साउथॉल भागातल्या, पंजाबी, कितीतरी जणी पन्नाशीच्या पुढच्या. ट्रॉल्या भरणे आणि ताटे लावणे हे त्यांचे काम. विमान कंपनी ठेक्याची रक्कम कमी ठेवी, ठेकेदार तोट्यात जाई, आणि तोटा खाली कामगारावर ढकलला जाई. १० ऑगस्ट २००५ रोजी, कामगार कपातीची टांगती तलवार असतानाच, कंपनीने हंगामी माणसे आणून उभी केली. कामगार कॅन्टीनमध्ये जमून विचार करू लागले. तेवढ्यावरून सुमारे ६७० जणांना बडतर्फ केले. काहींना तर कर्ण्यावरून ओरडून सांगितले गेले. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश एअरवेजचे सामान वाहणारे कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी बाहेर पडले. त्यांच्यातले कित्येक याच बायांचे नातलग आणि शेजारी होते. उड्डाणे थांबली, एक लाखाहून अधिक प्रवासी अडकले, आणि नंतर कित्येक दिवस विमाने जेवणाशिवाय उडाली.

यातली कायद्याची बाजू वकील म्हणून आम्हाला अस्वस्थ करते. ब्रिटनच्या १९९२ च्या कामगार संघटनाविषयक कायद्याचे कलम २३७ सांगते की अनधिकृत संपात असताना काढलेल्या कामगाराला अन्यायकारक बडतर्फीची दाद मागता येत नाही. कॅन्टीनमध्ये जमणे हाच संप ठरला की न्यायाधिकरणाचे दार बंद. आणि दुसऱ्याच्या लढ्याला पाठिंबा म्हणून संप करणे तर तिथे आधीपासूनच बेकायदा झाले होते. पुढे काहींना परत घेतले, काहींना रक्कम दिली, काही जणी ती रक्कम नाकारून वर्षानुवर्षे लढत राहिल्या. विमान कंपनीने मात्र ठेकेदाराबरोबर सुधारित अटींचा नवा करार केला. पैसा नव्हता असे नव्हते. आज हीथ्रोवरचा तो ठेका दुसऱ्याच कंपनीकडे आहे.

म्हणून ‘ठेकेदाराला समज देण्यात येईल’ हे वाक्य वाचून आमच्या अंगावर काटा आला. ही समज कोणाच्या डोक्यावर आदळेल? बेकन कोणते घ्यायचे, डबी कोणती, ताटामागे किती पेनी, हे सारे विमान कंपनीच्या करारात लिहिलेले असते. पट्टी डबीत ठेवणाऱ्या बाईला त्यातले एक अक्षर बदलता येत नाही.

एक आडवळण घेतो. बौद्ध असून तुम्ही डुकराचे मांस खाता, असे विचारणारे भेटतात. त्यांनी महापरिनिब्बान सुत्त वाचावे. पावा इथल्या चुंद लोहाराने तथागतांना अखेरचे भोजन दिले, त्यात ‘सूकरमद्दव’ होते. ते कोवळ्या डुकराचे मांस की एखादे कंद किंवा अळंबे, हा वाद विद्वान करोत. आम्हाला त्यापुढचा प्रसंग मोलाचा वाटतो. त्या भोजनानंतर आजार बळावला तेव्हा तथागतांनी आनंदाला बजावले की चुंदाच्या मनात पश्चात्ताप येऊ देऊ नका, त्याला कोणी दोष देऊ नये. मृत्युशय्येवरच्या माणसाने स्वयंपाक्याची एवढी काळजी घेतली. आणि इथे ओलसर पट्टीसाठी ठेकेदाराला समज!

नाक मुरडणाऱ्यांचेही पाहा. आपल्या गावात डुकरे पाळणारा कैकाडी वेशीबाहेर राहतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ मध्ये डुकरामागे धावणाऱ्या कुटुंबाला सारा गाव हसतो. तोच गाववाला शिकून विमानात बसला की ‘बेकन आहे का’ असे इंग्रजीत विचारतो. मांस तेच, नाव बदलले की विटाळ फिटला. आमच्या शेजारच्या खुर्चीवरच्या मराठी गृहस्थांनी ती लोंबणारी पट्टी मुकाट संपवली. कशी वाटली म्हणून विचारले तर म्हणाले, ‘वकीलसाहेब, इकडे असंच असतं हो.’ खानावळीतले बेकन त्यांनी कधी खाल्ले नव्हते.

आम्ही कंपनीला दुसरे पत्र पाठवले. ठेकेदाराला समज देऊ नये असे त्यात प्रथम लिहिले. मग तीन गोष्टी मागितल्या: ताटामागे ठरलेली रक्कम, बेकनच्या वेष्टनावर छापलेले पाण्याचे प्रमाण, आणि करारातले पदार्थाचे वर्णन. उत्तर दोन ओळींचे आले. ही माहिती व्यापारी गोपनीयतेत मोडते, आणि आपल्या व्हाउचरची मुदत डिसेंबरअखेर संपते. व्हाउचर आम्ही तिसऱ्या पत्राला टाचून परत धाडले आहे.