निळोणा ‘ओव्हरफ्लो’ : गुडघाभर पाण्यातूनही माणूस का वाहून जातो?

यवतमाळकरांसाठी ‘निळोणा ओव्हरफ्लो’ ही पावसाळ्यातली आनंदाची बातमी. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले, तेव्हा शहराने टँकरवर दिवस काढले होते. त्यामुळे तलाव भरला की लोक मुलाबाळांसह सांडवा पाहायला निघतात, यात नवल नाही. धोका पाहण्यात नाही, उतरण्यात आहे.

पाणी अचानक का वाढते?

सांडवा म्हणजे भरलेल्या तलावातले जादा पाणी बाहेर जाण्याची वाट. बेंबळा, इसापूरसारख्या मोठ्या धरणांना दरवाजे आहेत. विसर्गाआधी नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. निळोणासारख्या लहान प्रकल्पात पाणी आपोआप वाहते. किती वाहायचे, हे पाणलोट क्षेत्रातला पाऊस ठरवतो. सांडव्यावर ऊन असले तरी वर धो-धो पाऊस झाला की प्रवाह वाढतो, आणि भोंगा वाजत नाही. लोणावळ्यात 30 जून 2024 रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेही असेच पाणी एकाएकी वाढल्याने.

जोर किती असतो?

वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. ढोबळ हिशेब असा : सेकंदाला 2 मीटर वेगाचे गुडघाभर पाणी दोन्ही पायांना मिळून सुमारे 20 किलोचा रेटा देते. वेग 4 मीटर झाला की 80 किलो! एवढ्या वेगासाठी पाणी जेमतेम मीटरभर खाली कोसळले तरी पुरते. वर पायाखाली शेवाळ. सांडव्याच्या पायथ्याशी पाणी उलटे फिरते आणि पडलेल्याला पुन्हा आत ओढते; फेसाळ पाण्यात तरंगणेही कठीण. तिथे पट्टीचा पोहणाराही हतबल होतो.

तलावाची शांत बाजू तरी?

तीही फसवी. उन्हाळ्यात गाळ, मुरूम उपसलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत आणि काठची काळी माती पाय धरून ठेवते.

नुसत्या फलकाने गर्दी थांबत नाही. पाण्याचे दोन महिने सांडव्यावर साखळी आणि एक माणूस ठेवणे काही फार खर्चाचे नाही. पाणी एकदम गढूळ झाले, काड्या-पाचोळा येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर लगेच बाहेर पडावे. कोणी पडलेच तर मागे उडी न मारता दोर, साडी किंवा रिकामी कॅन फेकावी आणि 112 वर फोन करावा.