पिवळ्या घरातला गृहस्थ

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक लहानसे वादळ झाले. सुट्टीत आलेला नातू दूरदर्शन संचासमोर एक चित्रमालिका पाहत बसला होता. तीत दहा वर्षांचा मुलगा बापास खुशाल नावाने हाक मारतो आणि बाप चिडून त्याचा गळा धरतो, हे पाहताच आमच्या कुटुंबाने हुकूम सोडला, "अहो, आधी ते बंद करा!" निवाडा आमच्याकडे आला. पुरावा तपासल्यावाचून निवाडा कसा द्यावा, म्हणून आम्ही खुर्ची ओढली. आणि खोटे कशाला बोला, जेवणाची वेळ टळली तरी उठलो नाही.

ही मालिका म्हणजे अमेरिकेतील 'द सिम्पसन्स'. मॅट ग्रेनिंग या व्यंगचित्रकाराने निर्मिलेले हे पिवळ्या कातडीचे कुटुंब १९८७ साली दुसऱ्याच एका कार्यक्रमात तुकड्यातुकड्यांनी दिसू लागले. डिसेंबर १९८९ मध्ये त्याने स्वतःचा अर्ध्या तासाचा संसार थाटला, तो आजही चालू आहे. बाप होमर, आई मार्ज, मुले बार्ट आणि लिसा, शिवाय तोंडात चोखणी धरलेली मॅगी. बार्ट वगळता ही नावे ग्रेनिंगने आपल्याच आईबापांची व बहिणींची उचलली. (आमच्याकडे कोणी असे करता, तर दिवाळीला त्याच्या पानात करंजी पडती ना!)

चित्रातल्या माणसाला कड्यावरून पडून पुन्हा उठता येते. त्यामुळे अशा चित्रांत विनोदाचा भार बहुधा पडझडीवरच असतो. येथेही पडझड आहेच, पण खरे हसू येते ते पडणारा होमर आहे म्हणून. पहिल्याच भागात त्याचा नाताळचा बोनस बुडतो. बायकोस सांगण्याचे धैर्य नाही. म्हणून तो दाढी लावून एका बाजारपेठेत सांताक्लॉज होतो. हाती पडतात तेरा डॉलर, ते तो कुत्र्यांच्या शर्यतीवर लावतो. कुत्रा शेवटचा येतो. मालक त्याला हाकलून देतो आणि तोच हरलेला कुत्रा बापलेक घरी आणतात. घरच्यांस वाटते, हीच नाताळची भेट! शहाण्याने हे केले नसते, आणि लबाडालाही सुचले नसते.

आमच्या बडोद्याच्या वाचकांस हा गृहस्थ परका वाटू नये. येथील कॉलेजात पाली शिकविणाऱ्या चिं. वि. जोशींनी चिमणरावाला याच मातीचा घडविला. त्याच्या फजितीस आपण पोटभर हसतो, पण परक्याने त्याला मूर्ख म्हटलेले आपल्याला खपत नाही.

मालिकेचेही जेथे हे भान सुटले, तेथे ती अडखळली. तीतील आपू या भारतीय दुकानदाराच्या उच्चारांवर वर्षानुवर्षे हशा पिकला. होमरची चूक होमरची असते. आपूच्या बोलण्याचे हसू मात्र एका साऱ्या समाजाच्या वाट्यास आले. हरी कोंडाबोलू यांनी २०१७ च्या माहितीपटात हे सल उघड मांडले आणि २०२० मध्ये हँक अझेरिया या गोऱ्या नटाने आपूला आवाज देणे सोडले. उशीर झाला, पण योग्य झाले.

नातवाने मग १९९५ मधील एक भाग लावला. मॅगीचे एकही छायाचित्र घरच्या संग्रहात का नाही, असे मुले विचारतात. होमर सांगू लागतो. कर्ज फिटताच त्याने अणुवीज केंद्रातील नावडती नोकरी सोडली होती आणि बोलिंगच्या खेळघरात थोड्या पगारावर तो अगदी सुखात होता. तोच मार्जला दिवस गेल्याचे कळते, आणि होमर प्रत्येक खेपेप्रमाणे डोक्यावरचे केस उपटतो! गिऱ्हाईक वाढावे म्हणून हा महाभाग खेळघराबाहेर बंदूक झाडतो. आम्ही हसून बेजार. अखेर त्याला जुन्या मालकापुढे अक्षरशः रांगत जावे लागते. मालक त्याच्या टेबलासमोर पाटी ठोकतो, 'तू येथे कायमचा आहेस, हे विसरू नकोस.' मॅगीची सारी छायाचित्रे त्या पाटीवर आहेत. त्यांनी काही अक्षरे अशी झाकली आहेत, की उरलेल्यांतून एवढेच वाचता येते: तिच्यासाठी कर.

आमच्या हसण्याचा आवाज एकाएकी थांबला, तो नातवानेही ऐकला असावा. आमच्या वडिलांचा गळा गोड होता. नाटक कंपनीत जाण्याचे त्यांच्या मनात होते. पण आम्ही पाच भावंडे. त्यांनी छत्तीस वर्षे कचेरीत खर्डेघाशी केली. त्यांची छत्री, त्यांचे खाकरणे, पहिल्या तारखेस नाणी पुन्हा पुन्हा मोजणे, या साऱ्याच्या नकला करून आम्ही भावंडे लोळत असू. त्यांच्या टेबलावर काय होते, हे पाहावयास मात्र एकदाही गेलो नाही.

निवाडा आम्ही राखून ठेवला आहे. काल भाजी निवडता निवडता कुटुंबानेच विचारले, "अहो, त्या टकल्याचे पुढे काय झाले हो?"