स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या दृष्टिबाधित कर्मचाऱ्यांच्या संगणकांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
कोल्हापूर.

विषय : स्क्रीन रीडर वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांना संगणकावर फाईल शोधताना होणारा विलंब दूर करणेबाबत.

महोदय,

आम्ही जिल्ह्यातील शासकीय व निमशासकीय कार्यालयांत काम करणारे दृष्टिबाधित कर्मचारी आहोत. आस्थापना, लेखा, आवक-जावक अशा टेबलांवर आमची नेमणूक असून आमच्यापैकी बहुतेक जण एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर काम करतात. माउस आम्ही हातात घेत नाही. ॲरो कीने एकेक फाईलवर जायचे, तिचे नाव हेडफोनमधून ऐकायचे आणि हवी ती सापडली की एंटर दाबायचे, ही आमची पद्धत. संगणक नीट लावलेला असेल तर या कामाला विशेष वेळ लागत नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते एका उदाहरणावरून लक्षात यावे. नदीकाठच्या तालुक्यातील एका कार्यालयात २०१९ आणि २०२१ च्या महापुरातील पंचनाम्यांचे फोटो, अर्जांचे स्कॅन आणि पत्रव्यवहार सामायिक ड्राइव्हवरच्या एकाच फोल्डरमध्ये पडून आहेत. संख्या हजारांत. फोल्डर उघडला की स्क्रीन रीडर गप्प होतो. डोळस माणसाला अशा वेळी फिरणारे निळे वर्तुळ दिसते. आम्हाला मात्र संगणक अडला, नेटवर्क गेले की हेडफोनची पिन निघाली, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून ॲरो पुन्हा दाबली जाते, मग आणखी एकदा. दाबलेल्या की रांगेत साठून राहतात आणि संगणक हलला की एकदम लागू होतात. कानावर एका फाईलचे नाव पडते आणि निवड पुढच्या तिसऱ्याच फाईलवर गेलेली असते. त्या क्षणी डिलीट दाबले गेले तर? सामायिक ड्राइव्हवरून काढलेली फाईल आपल्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

यावर “तुमचं ते बोलणारं सॉफ्टवेअर काढा, मशीन पळेल” असा सल्ला आम्हाला मिळालेला आहे. तो देणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण निदान चुकीचे आहे. स्क्रीन रीडर प्रत्येक ओळीवर एक्सप्लोररला विचारतो : नाव काय, निवडली आहे का, यादीत कितवी, रकान्यांत काय आहे. एक्सप्लोरर त्याच वेळी प्रत्येक फोटोचे छोटे चित्र तयार करण्यात, फोटो काढल्याची तारीख वाचण्यात गुंतलेला असतो आणि अँटिव्हायरस त्याच फाईली तपासत असतो. उत्तर येईपर्यंत स्क्रीन रीडरला थांबावेच लागते. खात्री करायची असेल तर कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबून विंडोजचाच नॅरेटर सुरू करावा. तोही त्याच फोल्डरमध्ये अडखळला, तर दोष एकट्या एनव्हीडीएवर टाकता येत नाही. त्याच फाईली संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून पाहाव्यात. तेथे त्या भराभर वाचल्या गेल्या तर दुखणे सामायिक ड्राइव्हच्या वाटेवर आहे.

उपाय बहुतांश बिनखर्ची आहेत. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पिक्चर्स’ऐवजी ‘जनरल आयटम्स’ निवडणे, छोटी चित्रे आणि प्रिव्ह्यू पेन बंद करणे, नको असलेले रकाने काढणे, बंद पडलेल्या नेटवर्क ड्राइव्हच्या जोडण्या तोडणे, एक्सप्लोरर थेट ‘धिस पीसी’वर उघडेल असे करणे. यातले जमेल तेवढे आम्ही स्वतः केले आहे. पुढे मात्र ॲडमिन पासवर्ड आडवा येतो. एनव्हीडीएच्या टूल्स मेनूमधले कॉम रजिस्ट्रेशन दुरुस्त करणारे साधन अनेकदा एक्सप्लोररचे नीट वाचन परत आणते, पण ते ॲडमिन अधिकाराशिवाय चालत नाही. पूर्ण इन्स्टॉलेशनला परवानगी नाही म्हणून काही जण पेन ड्राइव्हवरची पोर्टेबल प्रत वापरतात. ही प्रत परवानगी विचारणारा सुरक्षित पडदा वाचू शकत नाही. आणि सर्वांत मोठा घोळ फॉरमॅटचा. रजेवरून परत यावे तर मशीन फॉरमॅट झालेले, एनव्हीडीए गेलेला, आणि मुका संगणक बोलता करायला कोणीतरी डोळस सहकारी मोकळा होण्याची वाट पाहायची.

राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या, त्याच कोल्हापुरात आज आम्हाला दिव्यांग आरक्षणातून खुर्ची मिळाली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय आणि अडथळामुक्त वातावरण देणे बंधनकारक आहे. कामाचे साधन त्यातच येते.

आमची मुख्य मागणी एका परिपत्रकाची आहे. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या संगणकावर त्याचे पूर्ण इन्स्टॉलेशन असावे, वर सांगितलेली रचना संगणक तंत्रज्ञाने ॲडमिन अधिकारासह करून द्यावी आणि संबंधित कर्मचाऱ्याला विचारल्याशिवाय मशीन फॉरमॅट करू नये, असे सर्व कार्यालयांना कळवावे.

सामायिक फोल्डरची फोड गावनिहाय आणि वर्षनिहाय व्हावी. ‘स्कॅन०००१’ या नावातून कोणालाच काही कळत नाही, डोळसालाही नाही. फाईलचे नाव गावापासून सुरू झाले तर पहिली दोन अक्षरे टाइप करून आम्हाला थेट तेथे पोहोचता येते.

जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवताना या संगणकांना अग्रक्रम द्यावा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ७ वर एनव्हीडीएची २०२४.१ पासूनची आवृत्ती चालतच नाही, हे खरेदीच्या वेळी ध्यानात घ्यावे.

त्याच अधिनियमाच्या कलम २३ नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असणे आवश्यक आहे आणि नोंदलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हायला हवी. या अधिकाऱ्यांची नावे कार्यालयनिहाय जाहीर करावीत. तसेच संगणकाची तपासणी झाल्याशिवाय ‘कामात दिरंगाई’ असा शेरा कोणाही दृष्टिबाधित कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात नोंदवला जाऊ नये.

आपण अर्ध्या तासाची वेळ दिल्यास हा विलंब आपल्यासमोर प्रत्यक्ष दाखवण्याची आमची तयारी आहे. त्या वेळी जिल्ह्याचे संगणक तज्ज्ञ उपस्थित असावेत, ही विनंती. स्पीकर आम्ही घेऊन येऊ.

आपले विश्वासू,
कोल्हापूर जिल्ह्यातील दृष्टिबाधित शासकीय व निमशासकीय कर्मचारी

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण, पुणे
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर